मेरी कॅथरिन गॉडर्ड चरित्रपुस्तिका : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

वर्तमानपत्रात काम केलेल्या बायकांच्या चरित्रमालेतली पुढची पुस्तिका मेरी कॅथरिन गॉडर्डवर करायची, हे आजच्या बैठकीत पक्कं झालं. डेमी १/८, बत्तीस पानं. आतला मजकूर ऑफसेटवर, मुखपृष्ठ ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छोट्या छपाईयंत्रावर, हाताने खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून. सांगलीतल्या आपल्या नेहमीच्या छापखान्यात ट्रेडल अजून नंबरिंग आणि परफोरेशनसाठी चालू आहे, आणि मोठ्या टाइपाच्या केसेस (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) मालकांनी भंगारात घातलेल्या नाहीत.

आमच्या गटातल्या बाईंनी बैठकीत विचारलं, "ही कोण, हे एका वाक्यात सांग."

"अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट पहिल्यांदा छापणारी बाल्टिमोरची मुद्रक."

"हे एका पानाचं काम झालं. बाई जगली किती?"

अठ्ठ्याहत्तर वर्षं. १७३८ ते १८१६. त्यात जवळजवळ दहा वर्षं बाल्टिमोरचं वर्तमानपत्र तिने चालवलं, चौदा वर्षं शहराचं पोस्ट सांभाळलं, त्यानंतर कित्येक वर्षं पुस्तकांचं दुकान चालवलं. तिच्यावर जे लिहिलं जातं ते बहुतेक त्या एका पानाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. आपली पुस्तिका तिच्या रोजच्या कामावर उभी राहील. जाहीरनाम्याला त्यातलं एक प्रकरण.

१२ नोव्हेंबर

पहिल्या प्रकरणाचा कच्चा मजकूर झाला.

जन्म १६ जून १७३८, कनेक्टिकट वसाहतीत. वडील जाइल्स गॉडर्ड डॉक्टर होते आणि न्यू लंडनचे पोस्टमास्तरही. आई सारा अपडाइक चांगली शिकलेली. मुलांना तिनेच घरी शिकवलं. धाकटा भाऊ विल्यम दोन वर्षांनी लहान. त्याला मुद्रकाकडे उमेदवारीला धाडलं. मुलीला तशी उमेदवारी मिळायची सोयच नव्हती, तिने काम उचललं ते घरच्या छापखान्यात. बापाचं पोस्ट आणि भावाचा छापखाना, पुढे ही दोन्ही कामं हिच्याच गळ्यात आली.

१७५७ मध्ये वडील गेले. १७६२ मध्ये विल्यमने ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला छापखाना टाकला. त्या गावातला तो पहिला छापखाना, आणि भांडवल आईचं. ऑक्टोबरात 'प्रॉव्हिडन्स गॅझेट' निघालं. माय-लेकी त्याच्या पाठोपाठ तिकडे राहायला गेल्या. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, १७६५ मध्ये पत्र बंद पडलं आणि विल्यम दुसरीकडे नशीब काढायला निघून गेला. छापखाना मात्र बायकांनी सोडला नाही. १७६६ मध्ये पत्र पुन्हा सुरू झालं ते 'सारा गॉडर्ड अँड कंपनी' या नावाने. त्या 'कंपनी'त कामाचे हात लेकीचे होते.

विल्यमला खलनायक करायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं आहे. डोकं तल्लख, कल्पना मोठ्या, धाडस दांडगं. फक्त एका जागी बसून काम तडीला नेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने सुरू केलेलं प्रत्येक काम बहिणीने चालू ठेवलं, आणि हे एकदा नव्हे, तीन शहरांत घडलं.

१४ नोव्हेंबर

एक चौकट घालायची आहे. वसाहतींच्या काळात छापखाना चालवणारी मेरी कॅथरिन एकटी नव्हती. चार्ल्सटनला एलिझाबेथ टिमथीने, अॅनापोलिसला अॅन कॅथरिन ग्रीनने, विल्यम्सबर्गला क्लेमेंटिना रिंडने वर्तमानपत्रं चालवली. तिघीही विधवा, नवऱ्याचा धंदा त्यांनी पुढे नेला. मेरी कॅथरिनने लग्न केलंच नाही. त्यामुळे वारसाहक्काने तिच्याकडे काहीच आलं नाही. जे हाती होतं ते भावाच्या मर्जीवर, आणि या एका गोष्टीचे परिणाम पुढे पानोपानी दिसतात. चौकट इथेच, दुसऱ्या प्रकरणाच्या तोंडाशी.

२६ नोव्हेंबर

फिलाडेल्फियाचा भाग अर्ध्या पानात आटोपला. १७६७ मध्ये विल्यमने तिथे 'पेन्सिल्व्हेनिया क्रॉनिकल' काढलं. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सचा धंदा विकून माय-लेकी तिकडे गेल्या. विल्यमचं भागीदारांशी बिनसलं, भांडणं छापून बाहेर पडली. १७७० च्या जानेवारीत आई वारली. विल्यम गावोगाव फिरायचा तेव्हा छापखाना मेरी कॅथरिनकडे असायचा. १७७४ च्या सुरुवातीला तिनेच तिथला गाशा गुंडाळला आणि ती बाल्टिमोरला आली.

भागीदारांच्या भांडणावर भरपूर लिहिता येईल, पण ती विल्यमची गोष्ट आहे. गाळली.

६ डिसेंबर

आजचा दिवस छापखान्यात गेला. कारण असं की, इझाया थॉमस या मुद्रकाने १८१० मध्ये अमेरिकेतल्या छपाईचा जो इतिहास लिहिला त्यात मेरी कॅथरिनबद्दल लिहिताना खिळे जुळवण्यातलं तिचं कसब आणि बिनचूकपणा आवर्जून नोंदवला आहे. थॉमस स्वतः लहानपणापासून केसपुढे उभा राहिलेला माणूस; त्याची शाबासकी कारागिराने कारागिराला दिलेली आहे. त्या शब्दांत नेमकं काय भरलेलं आहे ते मला खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर काकांकडून समजून घ्यायचं होतं.

काकांनी डाव्या हातात स्टिक (खिळ्यांची ओळ रचायचं साधन) धरली आणि उजव्या हाताने खिळे उचलायला सुरुवात केली. केसकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बोटांना खण पाठ. नजर हस्तलिखितावर. अक्षर उलटं, ओळही उलटी वाचायची. ओळ भरत आली की शब्दांमधल्या जागा कमी-जास्त करून ती घट्ट बसवायची. सैल राहिली तर छापताना खिळा वर येतो, कागद फाटतो.

मी विचारलं, "काका, जुळवताना मजकूर कळतो का?"

"ताई, नुसतं जुळवायचं तर अक्षरं पुरतात. पण चूक पकडायची तर वाचावंच लागतं. आमचे वस्ताद तर लेखकाचं व्याकरण सुधारून जुळवायचे. लेखकाला पत्तासुद्धा लागायचा नाही."

हे वाक्य मी चौथ्या प्रकरणाच्या मसुद्यावर लिहून ठेवलं, कारण मेरी कॅथरिनचं संपादन इथूनच कळतं. अग्रलेख लिहिणारा संपादक तेव्हा नव्हता. तिने बाल्टिमोरला चालवलेल्या 'मेरीलँड जर्नल'सारखं साप्ताहिक म्हणजे एका तावाची चार पानं. टपालाने आलेली इतर शहरांची पत्रं चाळायची, त्यातल्या बातम्या निवडायच्या, टोपणनावाने आलेले लेख घ्यायचे की ठेवायचे ते ठरवायचं, जहाजांच्या, मालाच्या, हरवलेल्या घोड्यांच्या जाहिराती बसवायच्या. काय वर, काय खाली, काय कापायचं, हे सगळं जुळवता जुळवता ठरायचं. तिची सही नसलेल्या त्या चार पानांत तिचा निर्णय प्रत्येक इंचावर आहे.

मग छपाई. लाकडी हातछापा, मेंढीच्या लोकरीने भरलेले कातड्याचे दोन गोळे शाईसाठी. एकाने खिळ्यांवर शाई थापायची, दुसऱ्याने ओलसर केलेला ताव ठेवून दांडा ओढायचा. एक बाजू झाली की ताव वाळायला, मग दुसरी बाजू. शेवटी सगळे खिळे धुऊन एकेक करून परत आपापल्या खणात. काका म्हणाले, नवखा माणूस जुळवायला पटकन शिकतो, खिळे सोडायला कंटाळतो, आणि छापखाना बुडतो तो तिथेच. एका खणातला खिळा दुसऱ्या खणात पडला की पुढच्या आठवड्याच्या अंकात चूक ठरलेली.

हे दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. प्रकरणात छपाईची ही सगळी रीत सविस्तर द्यायची. वाचकाला दांडा ओढल्यासारखं वाटलं पाहिजे.

८ डिसेंबर

चौथ्या प्रकरणाचा आराखडा. विल्यमने बाल्टिमोरला 'मेरीलँड जर्नल अँड बाल्टिमोर अॅडव्हर्टायझर' २० ऑगस्ट १७७३ ला काढलं. शहर तेव्हा पाच-सहा हजार वस्तीचं बंदर, आणि हे त्याचं पहिलं वर्तमानपत्र. काही महिन्यांतच विल्यम इंग्रज सरकारच्या टपालाला पर्यायी टपालव्यवस्था उभी करायच्या मागे लागला आणि वसाहतीभर फिरू लागला. पत्र बहिणीकडे आलं. १० मे १७७५ च्या अंकापासून खाली छापलं जाऊ लागलं : एम. के. गॉडर्ड.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची लेक्सिंग्टन-काँकर्डची पहिली चकमक होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. युद्ध सुरू होताना तिने पत्रावर आपलं नाव घातलं आणि युद्ध संपेपर्यंत ते तिथे होतं. हे वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला, कुठलंही विशेषण न लावता.

त्याच साली ती बाल्टिमोरची पोस्टमास्तर झाली. काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २६ जुलैला स्वतःचं टपालखातं काढलं आणि बेंजामिन फ्रँकलिनला प्रमुख नेमलं. विल्यमला ती जागा आपल्याला मिळेल अशी आशा होती. त्याला टपालमार्गांची देखरेख मिळाली, आणि वर्षभरात त्याने तीही सोडली.

१९ डिसेंबर

पाचवं प्रकरण आज पूर्ण लिहून काढलं. या पुस्तिकेतलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हेच.

१७७६ मध्ये एक गृहस्थ छापखान्यात घुसला आणि छापलेल्या मजकुरावरून तिला वाटेल ते बोलला, धमक्या दिल्या. तिने घाबरून मजकूर मागे घेतला नाही. शहराच्या समितीकडे रीतसर तक्रार नेली आणि समितीने त्याला बोलावून जाब विचारला.

पुढचा प्रसंग मोठा. २५ फेब्रुवारी १७७७ च्या अंकात 'टॉम टेल-ट्रुथ' या टोपणनावाने एक पत्र आलं : ब्रिटिश सेनापती होव समेट द्यायला तयार आहे, केवढी ही उदारता, घेऊन टाका. पत्र उपरोधाचं होतं. त्याच अंकात उलट बाजूचं पत्रही होतं. पण गावात व्हिग क्लब नावाची देशभक्तांची मंडळी होती, त्यांना यात फितुरीचा वास आला. मार्चच्या पहिल्या दिवसांत त्यांची माणसं छापखान्यावर आली : लेखकाचं नाव सांगा.

मेरी कॅथरिनने त्यांना विल्यमकडे पाठवलं. विल्यमने नाव द्यायला साफ नकार दिला. त्याला शहर सोडून जायचं फर्मान निघालं, पुढे त्याच्यावर हातही टाकला गेला. तो अॅनापोलिसला मेरीलँडच्या विधिमंडळाकडे गेला आणि विधिमंडळाने क्लबला फटकारलं. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या अमेरिकन इतिहासात हा प्रसंग नोंदलेला आहे.

नाव अखेर बाहेर आलं तेव्हा तो लेखक निघाला सॅम्युएल चेस, जाहीरनाम्यावर मेरीलँडतर्फे सही करणाऱ्यांपैकी एक. त्याचं नाव मेरी कॅथरिनने महिनाभर आधीच त्या जाहीरनाम्याच्या तावावर जुळवलं होतं. पत्रात एका ओळीत लेखकाचं नाव छापलं असतं, तर क्लबच्या रोषातून विल्यम सुटला असता. ती ओळ छापली गेली नाही.

बहुतेक ठिकाणी हा प्रसंग विल्यमच्या नावावर जमा होतो, आणि त्याने मार खाल्ला हे खरंच आहे. पण अंकावर नाव बहिणीचं होतं, छापखान्यात रोज हजर तीच होती, माणसं आधी तिच्या दारात आली, आणि पत्र बंद पडलं नाही. मी दोघांनाही त्यांचा त्यांचा वाटा दिला आहे. बाईंनी वाचून एवढंच म्हटलं, "आता कळतं की तिथे दोन माणसं होती."

१७७९ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. जनरल चार्ल्स ली याने सरसेनापती वॉशिंग्टनवर शरसंधान करणारे प्रश्न लिहून पाठवले, ते जर्नलमध्ये छापून आले, जमाव विल्यमवर धावून गेला आणि त्याच्याकडून माफी वदवून घेतली. ती त्याने नंतर मागे घेतली. एका परिच्छेदात बसवलं. वॉशिंग्टनवर टीका छापायची तेव्हा किती किंमत पडत होती, ते वाचकाला पहिल्या प्रसंगावरून आधीच उमगलेलं असेल.

४ जानेवारी २०२६

कागदाच्या टंचाईचं पान. तेव्हाचा कागद चिंध्यांपासून व्हायचा. युद्धात इंग्लंडचा माल बंद झाला तसा कागद मिळेना. जर्नलने घरोघरच्या चिंध्या मागितल्या. नोटांची किंमत घसरत गेली तेव्हा वर्गणी वस्तूंत घेतली जाऊ लागली. मांस, लोणी, चरबी, मेण, पीठ, मका, सरपण, लोकर, जे असेल ते आणा. छापखान्याच्या जोडीला तिने पुस्तकबांधणीही चालवली.

या पानावर चित्र हवं. एका बाजूला खिळ्यांची केस, दुसऱ्या बाजूला पिठाची पोती आणि चिंध्यांची गाठोडी. आपल्या चित्रकार मुलीला सांगितलंय, बाईचा चेहरा काढू नकोस. इंटरनेटवर तिची म्हणून जी चित्रं फिरतात त्यांच्यावर माझा भरवसा नाही, आणि कल्पनेतला चेहरा मला नको.

१८ जानेवारी

आज सहाव्या प्रकरणाला बसायचं असं मुद्दाम ठरवलं होतं, कारण काँग्रेसचा हुकूम १८ जानेवारी १७७७ चा.

पार्श्वभूमी थोडक्यात : १७७६ च्या डिसेंबरात ब्रिटिश फौज फिलाडेल्फियाच्या दिशेने सरकली, तेव्हा काँग्रेसने मुक्काम बाल्टिमोरला हलवला. २० डिसेंबरपासून हेन्री फाइट याच्या घरात बैठका भरू लागल्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ट्रेंटनला आणि ३ जानेवारीला प्रिन्स्टनला वॉशिंग्टनला विजय मिळाले, हवा बदलली. मग काँग्रेसने ठरवलं की जाहीरनाम्याची अधिकृत प्रत, सह्या करणाऱ्यांच्या नावांसह, प्रत्येक राज्याला पाठवावी. जुलै १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅपने छापलेल्या प्रतीवर अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन एवढीच नावं होती. बाकीचे सही करणारे कोण, हे लोकांपुढे छापून आलेलं नव्हतं. ब्रिटिश कायद्याने ती सही म्हणजे राजद्रोह, शिक्षा फाशी.

काम मेरी कॅथरिनकडे आलं.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने या तावाचं मोठं छायाचित्र खुलं ठेवलं आहे. ते स्क्रीनवर वाढवत वाढवत वाचलं. वर मथळा, खाली जाहीरनाम्याचा मजकूर, त्याखाली राज्यवार नावं. पंचावन्न नावं आहेत, छप्पन्न नव्हेत; डेलावेअरच्या थॉमस मॅकीनने तोवर सही केलेली नव्हती. नावांखाली १८ जानेवारीचा हुकूम, आणि खरी प्रत असल्याची साक्ष म्हणून हॅनकॉक आणि थॉमसन. आणि अगदी तळाला, मुद्रकाची ओळ : मेरीलँडमधील बाल्टिमोर येथे मेरी कॅथरिन गॉडर्डने छापले.

वर्तमानपत्रावर आठवड्यामागून आठवडे 'एम. के.'. इथे पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

या ओळीवर लोकांनी खूप रंग चढवला आहे. तिच्या तोंडी शूर वाक्यं घातली आहेत. मी तसं काहीही करणार नाही. ओळ जशी आहे तशी, स्वतंत्र पानावर छापायची, आणि शेजारच्या पानावर एवढंच सांगायचं : ज्या तावावरची नावं फासावर नेऊ शकत होती, त्या तावावर छापणारीने स्वतःचं नावही जुळवलं. खिळा खिळा उचलून. मुद्रकाची ओळ चुकून पडत नाही, हे काकांच्या शेजारी तासभर उभं राहिलेल्या कुणालाही कळेल.

३१ जानेवारीला हॅनकॉकने या प्रती राज्यांना रवाना केल्या.

२९ जानेवारी

सातवं प्रकरण, लहान. युद्ध संपलं, आणि १७८४ च्या जानेवारीपासून जर्नलवरून एम. के. गॉडर्ड हे नाव गेलं. विल्यम परत आला होता. भावंडांचं इतकं बिनसलं की प्रकरण कोर्टात गेलं. दोघांनीही १७८५ सालासाठी वेगवेगळी पंचांगं छापली आणि विल्यमने आपल्या पंचांगातून बहिणीच्या पंचांगावर चिखलफेक केली.

सख्ख्या भावाने छापून केलेली बदनामी. ते शब्द पुन्हा छापायची मला गरज वाटत नाही. घडलं एवढं नोंदवायचं, आणि दहा वर्षं ज्या पत्राने युद्धात दम सोडला नाही ते पत्र तिच्या हातून कसं गेलं हे सांगायचं. वारसाहक्क नाही, भागीदारीचा कागद बळकट नाही; चौदा नोव्हेंबरच्या चौकटीकडे वाचकाचं लक्ष इथे वळवायचं.

९ फेब्रुवारी

पोस्टाचं प्रकरण. चार पानांचं धरलं होतं, सहा झालं, आणि कमी करायची माझी तयारी नाही.

आधी काम समजावून दिलं. त्या काळी टपालखर्च बहुधा पत्र घेणारा द्यायचा, त्यामुळे पोस्टमास्तरकडे उधारीचे हिशोब मोठे. टपाल घोडेस्वार नेत, आणि त्यांना घसरलेल्या कागदी नोटा नको असत, नाणी लागत. मेरी कॅथरिनने ती नाणी स्वतःच्या पदरची घातली. खातं टिकलं, तिची शिल्लक गेली.

नवी राज्यघटना आली, १७८९ मध्ये नवं सरकार आलं, सॅम्युएल ऑसगुड टपालखात्याचा प्रमुख झाला. त्याच ऑक्टोबरात मेरी कॅथरिनला काढून जॉन व्हाइट नावाच्या माणसाला नेमलं. कारण दिलं गेलं की बाल्टिमोरच्या पोस्टमास्तरला यापुढे दक्षिणेकडच्या कचेऱ्यांवर देखरेख करावी लागेल, फिरती पडेल, बाईला ते झेपायचं नाही.

शहराने हे मुकाट ऐकून घेतलं नाही. दोनशे तीसहून जास्त नागरिकांनी, त्यात व्यापारी बहुसंख्य, तिला परत नेमा असा अर्ज केला. ज्यांची हुंडी आणि मालाची पत्रं रोज तिच्या हातून जात होती त्या माणसांचा हा दाखला आहे. उपयोग झाला नाही.

२३ डिसेंबर १७८९ ला तिने थेट राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला लिहिलं. वॉशिंग्टनचा पत्रव्यवहार आता कुणालाही वाचता येतो. मी हे पत्र छापून घेऊन पेन्सिलीने खुणा करत वाचलं. तिच्या स्वतःच्या शब्दांत सलग असं जे हाती लागतं त्यातला हा सर्वांत मोलाचा ऐवज. गयावया कुठेही नाही. मुद्दे एकामागून एक. चौदा वर्षांहून जास्त काम केलं. कसोटीच्या काळात घोडेस्वारांना रोख नाणी स्वतः दिली, नुकसान सोसलं. कसलाही ठपका न ठेवता काढलं, आधी कळवलंही नाही. टपालखात्याचा दुय्यम अधिकारी बाल्टिमोरात कित्येक दिवस होता, पण तिला भेटण्याची तसदी त्याने घेतली नाही; चिठ्ठी घेऊन येणाऱ्याच्या ताब्यात कचेरी द्या, एवढा निरोप. एखाद्या गुन्हेगाराला वागवावं तसं वागवलं, हे ती स्पष्ट लिहिते. आणि मग मूळ कारणावर येते : कचेरीत बसून काम पाहणाऱ्याने दक्षिणेतल्या दूरदूरच्या कचेऱ्याही सांभाळायच्या, हे प्रत्यक्षात कुणालाच जमण्यासारखं नाही.

६ जानेवारी १७९० ला वॉशिंग्टनचं उत्तर आलं. ज्या नेमणुका आपल्या अधिकारात थेट येत नाहीत त्यांत आपण पडत नाही. त्याच महिन्यात तिने सिनेटकडेही अर्ज केला. जागा परत मिळाली नाही.

बाईंना हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं मत : वॉशिंग्टनच्या उत्तरावर मी लिहिलेले दोन रागाचे परिच्छेद काढावेत, पत्राचा सारांश आणि दोन तारखा पुरेत. काढले. राग मात्र आहे, आणि तो या नोंदीत राहू दे. ज्या सरकारचा पहिला कागद तिने आपल्या नावानिशी छापला, त्या सरकारने चौदा वर्षांच्या नोकरीनंतर तिला समोर उभं राहून दोन शब्द बोलायलाही माणूस पाठवला नाही.

१६ फेब्रुवारी

आजची बैठक लांबली. विषय बेलिंडा स्टारलिंग.

मेरी कॅथरिन १२ ऑगस्ट १८१६ ला बाल्टिमोरात वारली. मृत्युपत्रात तिने बेलिंडा स्टारलिंग हिला गुलामीतून मुक्त केलं आणि तिच्या निष्ठेच्या सेवेची भरपाई म्हणून आपलं होतं-नव्हतं ते सगळं तिच्या नावावर केलं. बहुतेक चरित्रलेखांत हे शेवटच्या ओळीत येतं, बाईच्या मोठ्या मनाचा पुरावा म्हणून.

एकाचं म्हणणं पडलं, आपणही तसंच करू, शेवट गोड होईल. बाई चटकन म्हणाल्या, "कुणासाठी गोड? मालकीण मरेपर्यंत ती गुलामच होती ना?"

माझं मत बाईंच्या बाजूने. वसाहतीतल्या इतर पत्रांसारख्या 'मेरीलँड जर्नल'मध्येही पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती असत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या खिळ्यांनी छापला जात होता त्या खिळ्यांनी माणसांचे वर्णन देऊन बक्षिसं छापली जात होती, आणि जाहिरातींचा पैसा छापखान्याच्या खात्यात येत होता. आपण तिच्या प्रत्येक इंचावरच्या निर्णयाचं कौतुक करतो, तर हे इंचही तिचेच. त्यामुळे दोन ठराव झाले. जाहिरातींची गोष्ट चौथ्या प्रकरणात, बातम्या आणि जहाजांच्या यादीच्या जोडीला, जिथे ती खरोखर होती तिथे. आणि बेलिंडाला स्वतंत्र दोन पानं, तिच्या नावाच्या मथळ्याने. त्यात मृत्युपत्राची नोंद असेल, तेव्हाच्या मेरीलँडमध्ये गुलामाला मुक्त करणं कायद्याने कसं व्हायचं ते असेल, आणि ज्या घरात इतकं काम झालं त्या घरात बेलिंडाचं कामही होतं, हे साध्या शब्दांत असेल.

बत्तीसची छत्तीस पानं होणार. खर्च वाढेल. सगळ्यांनी मान्य केलं.

१ मार्च

मुखपृष्ठ जुळवलं. ३६ पॉइंटमध्ये नाव, त्याखाली १८ पॉइंटमध्ये 'मुद्रक, संपादक, पोस्टमास्तर'. ३६ च्या केसमध्ये 'ॉ' नव्हताच. काकांनी काना घेतला, चंद्र वेगळा शोधून त्यावर बसवला, मध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवली आणि बोटाने दाबून पाहिलं. 'गॉ' उभा राहिला. रफार एकच शिल्लक होता आणि आपल्याला एकच हवा होता.

जुळवलेला फर्मा चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) आवळून काकांनी हातप्रूफ काढलं. काळी शाई जरा जड वाटली, ती हलकी करायला सांगितली. चेहरा नाही, वेलबुट्टी नाही. तळाला मुद्रकाची ओळ : छापखान्याचं नाव आणि काकांचं पूर्ण नाव. "माझं कशाला, ताई?" असं म्हणत त्यांनीच ते १० पॉइंटमध्ये जुळवलं.

७ मार्च

आतल्या मजकुराचं शेवटचं प्रूफ वाचून सही करून दिलं. पुस्तकांच्या दुकानाचं प्रकरण दोनच पानांचं झालं : पोस्ट गेल्यावर ती बाल्टिमोरातच राहिली आणि १८०९-१० च्या सुमारापर्यंत पुस्तकं, कागद, लेखनसामान विकत राहिली. शहर तोवर कितीतरी पटींनी वाढलं होतं.

पाचशे प्रती. त्यातल्या शंभर शाळांच्या वाचनालयांना, पन्नास आपल्या भागातल्या पोस्ट कचेऱ्यांना द्यायच्या असं ठरलंय; पोस्टाची यादी बाई करतायत. बांधणी गुरुवारपासून.

पुढच्या पुस्तिकेसाठी अॅन रॉयलचं वाचन सुरू केलं. जन्म १७६९, बाल्टिमोरजवळ. साठी उलटल्यावर वॉशिंग्टनमध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, आधी 'पॉल प्राय', मग 'द हंट्रेस', आणि १८५४ मध्ये मरेपर्यंत चालवलं. तिच्यावर १८२९ मध्ये भांडकुदळ बाई म्हणून खटला झाला होता. दहा डॉलर दंड. सुरुवात तिथून करायची नाही.